साहेब बाहेर गेलेत

९ जानेवारी

वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण इथे कॉम्प्रेसरच्या घरघरीत मी ओरडते, तिकडे तू 'हो हो' म्हणतेस, आणि आठवड्याने कळतं की तू भलत्याच गोष्टीला हो म्हणाली होतीस. म्हणून आज ऑफिसची कडी लावून लिहायला बसले आहे.

आमचे म्हातारे मालक कारखाना विकताहेत. मुलं लांब, गुडघे कामातून गेलेले, जिना चढवत नाही. परवा मला बोलावलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बसवलं, तेव्हाच मी घाबरले. म्हणाले, "बाई, तू घेतेस का? घेणार असशील तर मार्च संपेपर्यंत थांबतो. नाहीतर गोदामवाला दारात उभा आहे. तो हे सगळं जमीनदोस्त करणार."

मी इथे हिशेब लिहायला लागले तेव्हा अमोनियाच्या वासाने मला मळमळायचं. आता सुट्टीच्या दिवशी तो वास नसला की चुकल्यासारखं वाटतं. मिठाच्या पाण्याच्या टाकीत साध्या पाण्याने भरलेले डबे कधी सोडायचे, आत हवा किती फिरवायची म्हणजे बर्फाची लादी काचेसारखी निघते आणि कुठे चुकलं की ती पांढरी पडते, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. सकाळी आधी मासेवाल्या, मग सरबतवाला, मग हॉस्पिटलचा माणूस. (तो बर्फ कशासाठी नेतो ते विचारायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.) हे सगळं गोदामवाल्याच्या घशात घालायचं?

म्हणून बँकेत गेले. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "दुकान असतं, ऑफिस असतं, तर डोळे मिटून कर्ज दिलं असतं. पण ही इमारत बर्फाशिवाय कशाच्या उपयोगाची? उद्या तुमचे हप्ते थकले तर मी ही विकू कोणाला?"

"दुसऱ्या बर्फवाल्याला."

"गावात दुसरा आहे कोण?"

"एक होता. त्याने कारखाना मोडून व्यायामशाळा काढली."

"बघा, म्हणजे तुम्हीच सांगताय!" तो म्हणाला. माझी जीभ, दुसरं काय.

तर सार असं की नुसत्या कारखान्याच्या जिवावर कर्ज मिळणार नाही. सोबत आपलं घर तारण ठेवावं लागेल. घर निम्मं तुझं, निम्मं माझं. दादा गेल्यावर आपण ते कागद केले. तुला आठवत नसेल, तेव्हा मी बोट ठेवेन तिथे तू सही करत होतीस. पण त्यात राहतेस तू. माझा कारखाना बुडाला तर छप्पर तुझ्या डोक्यावरचं जाईल. हे समजून-उमजून हो किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तरी मी तुझीच खारू.

हो म्हणालीस तर बँकेला एक कागद लागेल, घराच्या विम्याची पॉलिसी. घराच्या मालकांच्या, म्हणजे आपल्या दोघींच्या नावावर आणि चालू असलेली. विम्याचं दर वर्षी तूच बघतेस, त्यामुळे ती काळजी नाही. प्रत तेवढी पाठवून दे.

खारू


२० जानेवारी

प्रिय खारू,

वेडी आहेस का तू? घर दे. विचारायचं काय त्यात? तुझी वेणी मी ह्याच घराच्या पायरीवर बसून घातली आहे, आणि एकदाही तू सरळ बसली नाहीस. बँकेने माझ्या सह्या मागितल्या तर सांग, येऊन करते. ह्या वेळी वाचून करेन.

ह्यांना तर किती बरं वाटेल. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, 'खारू दुसऱ्याच्या हाताखाली टिकायची नाही, तिला स्वतःचं काहीतरी हवं.' आणि बघ, तू टिकलीस ती टिकलीसच, आता मालकीण होणार. बर्फ विकणारी बाई म्हटल्यावर लोक तोंडाकडे बघतात, हे मला आवडतं. आपल्या बोळाच्या तोंडाशी राहणारा शिंपी विचारत होता, तुमची नणंद काय करते? मी म्हटलं, पाण्याला गप्प बसवते. तो दिवसभर हसत होता.

इकडे सगळं नेहमीसारखं. वरच्या खोलीच्या भिंतींना नवा रंग द्यायचा विचार होता, पण ह्यांना तो जुना पिवळाच आवडतो, म्हणून राहू दिला. गच्चीवरच्या कुंड्यांना मुंग्या लागल्यात.

विम्याचा कागद कपाटात आहे. कपाटाची किल्ली सापडत नाहीये. सापडली की पाठवते. मार्चपर्यंत वेळ आहे ना?

अंगावर लोकरीचं काहीतरी घालत जा. दिवसभर त्या गारठ्यात उभी असतेस, खोकला छातीत बसला की निघत नाही.

वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

तू एका ओळीत घर देऊन टाकलंस, आणि मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. डबे उचलणारा मामा म्हणाला, "बाईंना काहीतरी झालंय, आज शिव्या नाहीत."

काल बँकेने कारखान्याची किंमत ठरवायला माणूस पाठवला. बूट चकाचक, हातात मोजपट्टी. आत आला आणि पहिला प्रश्न, "खिडक्या कुठे आहेत?" मी म्हटलं, "साहेब, बर्फाला खिडकीत बसायची हौस नसते." तो हसला नाही. भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या. भिंत हातभर जाड, मध्ये बुचाच्या लाकडाचे थर. मी अभिमानाने सांगितलं, असं काम आता कोणी करत नाही. त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, जमेच्या बाजूला लिहितोय. नंतर कळलं, 'भिंती पाडण्याचा खर्च' म्हणून वजा केलाय. टाकीसुद्धा वजा, फोडायचा खर्च. वहिनी, ज्या टाकीवर इतक्या घरांची पोटं चालतात ती त्याच्या हिशेबात राडारोडा! जमिनीची किंमत धरली, त्यातून कारखाना वजा केला, आणि जे उरलं ते आमचं मोल.

म्हणजे आता सगळी भिस्त घरावर. मॅनेजर म्हणाला, घराचा विमा आला की फाइल वर पाठवतो. तो एकच कागद अडलाय.

कपाटाची किल्ली मिळाली का? नसेल तर कुलूपवाल्याला बोलाव. किंवा त्याहून सोपं, विम्याच्या एजंटाला फोन कर, तो दुसरी प्रत देईल. तुला जमत नसेल तर त्याचा नंबर मला पाठव, मी बोलते.

खोकला नाही. लोकरीचं घालते. शपथ.

खारू


१४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

त्याला फोन करू नकोस. तो आजारी आहे असं कळलं. मीच बघते.

एक विचारू? विम्यावर नाव कोणाचं आहे ते बँकवाले फार बारकाईने बघतात का? की नुसता चालू आहे एवढंच बघतात? हप्ता मी एकदाही चुकवलेला नाही, हे तू त्यांना सांग. आणि विम्याऐवजी दुसरं काही चालणार नाही का? माझ्या बांगड्या आहेत. तुझ्या लग्नासाठी ठेवल्या होत्या, तू काही ते केलं नाहीस.

तो भिंती वजा करणारा माणूस मला अजिबात आवडला नाही.

घाईत लिहिते आहे. गॅसवर दूध आहे.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

सहा आठवडे झाले. आधी किल्ली नव्हती, मग एजंट आजारी पडला, आता तू मला बांगड्या देतेयस. मला बांगड्या नकोत, मला एक कागद हवाय, आणि तो तुझ्या कपाटात आहे.

आज मालकांनी पुन्हा विचारलं. गोदामवाला येऊन गेला म्हणे, टाकीवरच्या फळ्यांवर उभा राहून त्याने माणसांना सांगितलं की इथे ट्रक वळतील. मी तिथेच उभी होते. मामाने माझ्याकडे बघितलं, आणि मला मान वर करता येईना.

मी मूर्ख नाही. घर देते म्हणालीस ते मन मोठं करून म्हणालीस, आणि नंतर तुझा पाय मागे आला. येणारच. मुलाबाळांचा आधार नाही, हक्काची जागा तेवढी एकच, ती नणंदेच्या धंद्यापायी कोण टांगणीला लावेल? तसं स्पष्ट सांगितलं असतंस तर मी एका शब्दाने बोलले नसते. पण तू 'हो' म्हणून मला सहा आठवडे बँकेच्या पायऱ्या झिजवायला लावल्यास. हे माझ्या मनाला लागलंय.

दादा असता तर कागद दुसऱ्या दिवशी माझ्या हातात असता.

खारू


१२ मार्च

वहिनी,

उत्तर नाही. फोन लागत नाही. रागावली असशील तर रागाव, पण एका ओळीत कळव की बरी आहेस.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पेटीत टाकल्यावर हात आत घालून काढता येतं का ते बघत होते. पेटीच्या फटी फार अरुंद असतात.

खारू


१८ मार्च

प्रिय खारू,

मी बरी आहे हे आधी वाच. मला काहीही झालेलं नाही. शिंप्याच्या घरी आहे, त्याच्या बायकोने मला माजघरातली खाट दिलीय.

आपलं घर जळलं. सगळं नाही. खालच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं आहे, पण वरचं काही उरलं नाही. छप्पर खाली आलं. ती पिवळी खोली गेली.

आता नीट सांगते, कारण तुझ्यापासून आणखी काही झाकून ठेवायची माझ्यात ताकद नाही.

विमा ह्यांच्याच नावावर आहे. म्हणजे होता. घराचे कागद तू बदलून घेतलेस, विम्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. हे गेले त्याला महिनासुद्धा झाला नव्हता आणि एजंटाचा फोन आला. "साहेब आहेत का?" दर वर्षी यायचा तसाच. हे फोनवर त्याची थट्टा करायचे ना, 'काय हो, आमचं घर पडायची वाट बघताय का,' म्हणून तो आधीच हसत होता. मला वाटलं, हा हसतोय, ह्याला कसं सांगायचं? मी म्हणाले, साहेब बाहेर गेलेत. तो म्हणाला, बरं, हप्ता पाठवून द्या. मी पाठवला.

पुढच्या वर्षी पुन्हा फोन. मागच्या वर्षी खोटं बोलले हे आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, बाहेर गेलेत. आणि खारू, त्यानंतर मी त्या फोनची वाट बघायला लागले. खरं तेच सांगते. ज्या घरात जावं तिथे सगळ्यांना माहीत असतं. भाजीवालीला माहीत, तुला माहीत. माझ्याशी बोलताना सगळे आवाज खाली घेतात. साऱ्या जगात तो एकच माणूस असा होता ज्याच्या लेखी हे नुसते बाहेर गेले होते. वर्षातून एकदा तो विचारायचा, आणि मी सांगायचे, आणि तेवढी दोन मिनिटं ते खरं असायचं.

किल्ली हरवली नव्हती. एजंट आजारी नव्हता. घर जाईल म्हणून मी मागे सरले नाही. तुला कागद द्यायचा म्हणजे आधी नाव बदलायचं, आणि नाव बदलायचं म्हणजे त्याला सांगायचं. तेवढं मला जमत नव्हतं.

तुझं पत्र आलं आणि मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याच्या ऑफिसात जायला म्हणून वरच्या खोलीत साडीला इस्त्री केली, मृत्यूचा दाखला आणि पॉलिसी पिशवीत घातली, आणि निघाले. ऑफिसात बाकावर बसले. नंबर आला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काकू, पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? ते स्वतः आलेत का?"

मी म्हणाले, "ते बाहेर गेलेत."

दाखला पिशवीत होता, खारू. तोंडातून निघालंच नाही. ती म्हणाली, "मग ते आले की पाठवा." मी उठले आणि चालत घरी आले. बोळात शिरताना धूर दिसला. इस्त्री तशीच चालू राहिली होती. शिंप्याने दार फोडलं, पोरांनी बादल्या ओतल्या. बंब आला तोवर वरचं सगळं संपलं होतं.

मग विम्याचा सर्व्हेयर आला. शांत माणूस, पायऱ्या चढताना आधी पाय टेकवून बघायचा. सगळं मोजलं, फोटो काढले, म्हणाला, "नुकसान बरंच आहे, पण काळजी करू नका. विमा चालू आहे, हप्ते वेळेवर आहेत. साहेबांची सही लागेल. कुठे आहेत?"

काय सांगितलं असेन मी?

तो परत येतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात फॉर्म घेऊन आला. मी पुन्हा तेच. शिंपी तिथे फळ्या उचलत होता. त्याला वाटलं, मला धक्क्याने भ्रम झालाय. माझ्या भल्यासाठीच बोलला बिचारा, "अहो साहेब, काय विचारताय त्यांना? ह्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली."

सर्व्हेयर त्या जळक्या पायरीवर बसला. हातातले फॉर्म घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्या वर्षांत कधीही एक चिठ्ठी दिली असती तरी पुरलं असतं. विमा तुमच्या नावावर झाला असता. आता मेलेल्या माणसाच्या नावावर सहा वर्षं काढलेली पॉलिसी... मला कळलेलं मी न कळल्यासारखं कसं लिहू?" मी म्हणाले, तुम्ही खरं तेच लिहा. त्याने माझ्याकडून पाणी मागून घेतलं, आणि गेला.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलंय.

तुझा कारखाना माझ्यामुळे गेला. तुझी पत्रं दोन्ही मिळाली. तू लिहिलंस ते खरंच आहे, हे असते तर कागद दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात असता.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

तुझ्याकडून निघाले ती काल सुखरूप पोचले. अंगाला अजून धुराचा वास येतोय, दोनदा डोकं धुतलं तरी. मामा म्हणाला, "बाई, तुम्ही बर्फाकडून आगीकडे कुठे गेलात?" मग माझं तोंड बघून डबे उचलायला निघून गेला.

दहा दिवस आपण राख उपसली, पत्रे घातले, शिंप्याच्या बायकोच्या हातचं जेवलो, आणि बोलायचं ते एकही बोललो नाही. तू मला ढिगातून सापडलेला पितळेचा दिवा दाखवत होतीस, मी 'घासला की निघेल' म्हणत होते. तुझ्यासमोर मला जमलं नाही, म्हणून इथून लिहिते.

मी ते शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तर तू त्या दिवशी साडीला इस्त्री केली नसतीस. तू हे मला कधी म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणून टाकते. आणि दुसरं, सहा वर्षांत मी दर वेळी फोनवर 'बरी आहेस ना' विचारलं. दादाबद्दल एकदाही काढलं नाही. मला वाटायचं, खपली काढू नये. तुला त्याच्याबद्दल बोलायला वर्षातून एक फोन, तोही विमा एजंटाचा, एवढंच मी शिल्लक ठेवलं होतं.

बँकेत जाऊन आले. मॅनेजरने फाइल परत दिली. जळकं घर तारण चालत नाही, आणि त्याचा आता विमाही कोणी उतरवणार नाही. तो म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतंय." वाटत असावं, कारण त्याने फाइल दोन्ही हातांनी दिली. मालकांनी गोदामवाल्याकडून इसार घेतला. एप्रिलअखेर कारखाना बंद. मी माणसांना सांगितलं. मासेवाल्यांना सांगायचं बाकी आहे, त्या मला सोडणार नाहीत.

हे सगळं तुझ्यामुळे गेलं असं मनात आणू नकोस. निम्मं माझ्या जिभेने गेलं, आणि तसाही तो चकचकीत बूटवाला आपल्याला आधीच वजा करून गेला होता.

एक विचारायचं राहून गेलं. तू त्या एजंटाला दर वर्षी सांगायचीस, साहेब बाहेर गेलेत. त्याने कधी विचारलं नाही का, कुठे गेलेत?

खारू


१५ एप्रिल

प्रिय खारू,

विचारायचा की. तो बोलघेवडाच आहे.

पहिल्या वर्षी मी 'बाजारात' म्हणाले. दुसऱ्या वर्षी 'ऑफिसच्या कामाला.' मग तो म्हणायला लागला, भेटायला येतो, कधी असतात घरी? तेव्हा लांबची जागा हवी झाली. जवळची सांगितली असती तर येऊन बसला असता. मी म्हणाले, "बहिणीकडे गेलेत. तिचा बर्फाचा कारखाना आहे, तिथे मदतीला असतात. हल्ली तिकडेच जास्त राहतात." हसू नकोस. कारखाना तुझा असंच सांगितलं मी, तेव्हापासूनच. आणि ते इतकं सहज तोंडातून आलं की मलाच नवल वाटलं. ह्यांना उन्हाळ्याचा किती त्रास व्हायचा, तुला ठाऊक आहे. म्हटलं, तिथे गार आहे. तू आहेस. कोणीतरी चहा विचारेल. तेव्हापासून मला उन्हाळ्यात जरा बरं वाटायचं.

बघ, 'होतो' न लिहिता 'व्हायचा' लिहिलं. लिहून गेल्यावर लक्षात आलं. खोडलं नाही.

परवा तो एजंट घरी आला. एवढ्या वर्षांत मी त्याला पाहिलं नव्हतं. मला तरणा वाटायचा, निघाला पांढऱ्या केसांचा, माझ्याच वयाचा. पत्र्याखाली उभा राहिला, चप्पल बाहेर काढून. मला वाटलं, रागावेल. माझ्यामुळे त्याला वरून बोलणी बसली असणार. पण तो म्हणाला, "वहिनी, मला परवाच कळलं. भेटायला आलो." आणि डोळे पुसायला लागला. त्याच्यासाठी हे परवाच गेले ना. मीच त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "फार त्रास झाला नाही त्यांना. झोपेतच गेले." सहा वर्षांपूर्वी सगळे मला हेच सांगत होते. परवा मी ते पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

तो गेल्यावर खूप रडले. तेव्हाचं राहिलेलं असावं.

तू ये. पत्रा तापतो, पण खालच्या खोलीत दोघींना जागा आहे. दूध गार ठेवणाऱ्या कारखान्यात यंत्राचं कळणारं माणूस हवंय, असं शिंप्याने ऐकलंय. बाई चालेल का ते त्याने विचारलं नाही. मी म्हटलं, आधी तिला बघू तर देत, मग तेच विचारतील, आम्ही चालू का?

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

आज बंद केला.

परवापासून नवे डबे सोडले नव्हते. आज शेवटची रांग वर काढली, साध्या पाण्यात बुडवली, लाद्या सुटल्या. अगदी स्वच्छ निघाल्या, पलीकडचा मामा दिसत होता. मासेवाल्या आल्या. सगळ्यांत भांडकुदळ जी, तिने शेवटची लादी घेतली आणि भाव केला नाही. मी म्हटलं, "काय ग, आज घासाघीस नाही?" तर म्हणाली, "गप गं मेले," आणि पदर तोंडाला लावून गेली. सरबतवाल्याने सगळ्यांना फुकट सरबत पाजलं. हॉस्पिटलचा माणूस नेहमीसारखा काही न बोलता बर्फ घेऊन गेला.

दुपारी टाकीतलं पाणी गटारात सोडलं. मग मामाने कॉम्प्रेसर बंद केला. वहिनी, तो आवाज मला इतक्या वर्षांत ऐकूच येत नव्हता, बंद झाल्यावर कळलं की होता. आम्ही दोघं एकमेकांशी ओरडूनच बोलत राहिलो थोडा वेळ.

माणसं गेल्यावर मी सगळीकडे फिरले. तुझं पत्र वाचल्यापासून दहा-बारा दिवस हेच डोक्यात होतं. इतकी वर्षं दादा माझ्याकडे राहत होता, आणि मला पत्ताच नाही. कुठे बसत असेल तो? टाकीवरच्या फळ्यांवर नाही, तिथे ओल असते, त्याला चालायची नाही. यंत्राजवळ आवाज. मग वाटलं, बर्फ ठेवायच्या खोलीच्या बाहेर जो बाक आहे तिथे. दार उघडलं की गार झुळूक येते, आणि येणारा-जाणारा दिसतो. तिथे बसून त्याने सगळ्यांची थट्टा केली असती. मामाशी जमलं असतं त्याचं. मी नाक्यावरून चहा मागवला, दोन सांगितले. त्या बाकावर बसून दोन्ही मीच प्यायले. दुसरा गार झाला होता.

त्याच्याशी बोलले थोडं. काय ते तुला आल्यावर सांगेन. आता आपण त्याच्याबद्दल बोलायचं, हे मी ठरवलंय.

संध्याकाळी मालक आले, काठी टेकत. गार खोलीचं ते जड दार बाहेरून लागतं, आतून उघडत नाही. फार पूर्वी कोणीतरी आत अडकलं होतं, तेव्हापासून इथे रीत आहे. दार लावायच्या आधी मालकांनी मोठ्याने विचारायचं आणि लावणाऱ्याने स्वतः आत जाऊन, कोपरान् कोपरा बघून उत्तर द्यायचं. नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नाही. खोली रिकामी होती, भिंतींवरून पाणी ओघळत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"आत कोणी राहिलं नाही ना?"

मी आत गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले, त्यांनी घाई केली नाही. बाहेर आले आणि दाराला हात लावला.

"नाही," मी म्हणाले. "आत कोणी नाही."

शनिवारच्या गाडीने येते आहे, वहिनी. एकटीच.

खारू